फुटाला एक सूत

आमच्या फौंड्रीत माझं टेबल जिन्याच्या बरोबर खाली आहे, आणि गेली अकरा वर्षं अख्ख्या कारखान्याचं भांडण माझ्या डोक्यावरून ये-जा करतं. वर डिझाइनवाले, एसीत, गालिच्यावर. खाली भट्टी, वाळू आणि घामाघूम माणसं. वरचे म्हणतात, खाली सगळं अंदाजपंचे चालतं. खालचे म्हणतात, वर बसून नुसती रंगीत चित्रं काढतात. मी प्लॅनिंगची. वरचा कागद खाली द्यायचा, खालचा निरोप वर न्यायचा आणि दोन्हीकडची बोलणी खायची. पगार मात्र एकाच बाजूचा.

आता कुणी म्हणेल, सतरा पायऱ्या तर आहेत, एकमेकांकडे जात का नाहीत? कारण बूट. वर जाताना लोखंडी टोकाचे जड बूट काढावे लागतात, गालिचा खराब होतो म्हणून. खाली येताना ते घालावे लागतात, पायावर काही पडेल म्हणून. कागलच्या एमआयडीसीत दुसरीकडे काय पद्धत आहे मला माहीत नाही, आमच्याकडे ही अशी. नाड्या सोडा, नाड्या बांधा, एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा लोक मोनाला हाक मारतात. मोना म्हणजे मी.

नबीलाल चाचा आमच्या पॅटर्न शॉपचे सर्वेसर्वा. सर्वेसर्वा म्हणजे तिथं ते एकटेच. पूर्वी पाच जण होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची तिची हुबेहूब लाकडी प्रतिकृती आधी करावी लागते. ती वाळूत दाबली की ठसा उठतो आणि त्या ठशात लोखंड ओततात. त्या प्रतिकृतीला पॅटर्न म्हणायचं. पस्तीस वर्षं चाचा सागवानातून ते कोरतायत. व्हॉल्व्हना, गिअरच्या डब्यांना, चाकांना, सगळ्याला पहिला हात त्यांचा. वर ते कधी जात नाहीत. डिझाइनवाल्यांना वाटतं म्हातारा हट्टी आहे. मला खरं कारण ठाऊक आहे. अंगावरचा भुसा गालिच्यावर सांडला तर कुणी काही बोलेल, ही त्यांना लाज.

संयोगिता मूळची आजऱ्याची, पुण्यात शिकलेली, वर बसून ड्रॉइंग करणारी. सात महिन्यांपूर्वी लागली. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलावर काजूची पुडी ठेवून म्हणाली, "मोनाताई, घरचे आहेत." मी तिथंच विरघळले. खालची मंडळी मात्र तिच्यावर खार खाऊन. मॅडमला मोठा तोरा, खाली पाय ठेवत न्हाय, असं म्हणायची. वास्तविक आमच्या स्टोअरमध्ये सात नंबरच्या खालचा बूटच नव्हता. पोरीनं तीनदा अर्ज दिला होता. पण ते कोण कुणाला सांगणार?

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसले नसते. मार्चमध्ये संयोगितानं मला दोन पानांचा एक कागद छापायला पाठवला. त्यात लिहिलं होतं की हातानं केलेल्या पॅटर्नमध्ये मापं चुकतात, वेळ जातो, तरी हे काम बाहेर संगणकावर चालणाऱ्या मशीनवर करून घ्यावं आणि पॅटर्न शॉप बंद करावं. कुठं चाचांचं नाव नव्हतं. पण पॅटर्न शॉप म्हणजे चाचाच, हे तिला माहीत नव्हतं, कारण तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं. मला मात्र माहीत होतं. तरी छापून दिला. नोकरी आहे बाई.

विश्वजितसाहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तो कागद वाचून मला बोलावलं. माणूस वाईट नाही, फक्त घाईत असतो. म्हणाले, "मोनाताई, नव्या गिऱ्हाइकाच्या पंपाचं काम येतंय. सांगाडा अडीच फुटांचा हाय. ड्रॉइंग संयोगिताचं, पॅटर्न चाचांचं. नीट उतरलं तर शॉप ऱ्हाऊ दे. न्हाय उतरलं तर पॅटर्न बाहेरनं, आणि चाचांना घरी बसवायचं. प्लॅनिंगला म्हाईत असू दे."

चाचांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. घरी इमामबी भाभी. कामाशिवाय हा माणूस काय करील याचा विचारही मला करवेना. मी चाचांना यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

पहिला पंप ओतला तो एप्रिलच्या पहिल्या सोमवारी. मंगळवारी दुपारी मशीन शॉपमधून आकारामची आरोळी आली. आकारामचा आवाज असा की भट्टी चालू असताना सुद्धा बाहेरच्या रस्त्यावर ऐकू जातो.

"मोना! ए मोना! ह्यो पंप हाय का म्हसोबा? चौकटीत बसतच न्हाय की!"

मशीनवर वस्तू पकडायला लोखंडी चौकट असते. पंप तिच्यात जाईना. अडीच सूत मोठा झाला होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्याकडचे जुने कारागीर अजून सुतातच बोलतात.

मी सतरा पायऱ्या चढून वर सांगितलं. संयोगिता ताडकन उठली. "ड्रॉइंग मी चार वेळा तपासलंय, मोनाताई. हातानं मापं घेतल्यावर दुसरं काय होणार?" मी खाली आले. चाचा बाकावर हात ठेवून उभे होते. "माझं काम ड्रॉइंगबरहुकूम हाय. वरच्या चित्रातच घोळ असंल. त्यास्नी लोखंड कधी हातात घेतलंय व्हय?" म्हणाले. मी दोन्ही निरोप पोचवले, थोडे धुऊन पुसून. साहेबांनी तारीख वाढवून घेतली आणि सांगितलं, आणखी एकदाच.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. संयोगिता स्टोअरमधून सात नंबरचे बूट घेऊन, आत दोन-दोन मोजे कोंबून, फटक फटक करत पॅटर्न शॉपमध्ये गेली. चाचा नमाजाला गेले होते. तिनं बाकावरची त्यांची पोलादी पट्टी उचलली, स्वतःची पट्टी तिच्याशेजारी ठेवली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. माझ्या टेबलाशी येऊन खुर्चीत बसलीच.

"मोनाताई, मी किती मूर्ख आहे."

"काय झालं गं?"

"लोखंड ओतल्यावर गार होताना आकसतं. फुटाला जवळजवळ एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. मला वाटायचं, खाली हे कुणी धरत नसणार, म्हणून मी ड्रॉइंगमध्येच मापं वाढवून देत होते. आणि चाचांची पट्टीच मुळात ताणलेली आहे! तिचा एक फूट म्हणजे फूट आणि वर एक सूत. पुण्यात आम्हाला असली पट्टी कुणी दाखवली नाही. म्हणजे मी वाढवलं, त्यांनी परत वाढवलं. आधीचे सगळे भाग वीतभर होते, म्हणून फरक घासण्यात जिरून गेला."

"मग सांग की जाऊन त्यांना."

"नको!" तिनं माझा हात घट्ट धरला. "मी त्यांना काय काय बोलले. आता कोणत्या तोंडानं जाऊ? मी नवं ड्रॉइंग देते, साध्या मापाचं. पंपाचं तोंड गिऱ्हाइकानं बदललंच आहे, सगळे आकडे तसेही नवे येणार. तुम्ही काही बोलू नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

मी शपथ घेतली. बरं वाटलं मला. पोर शहाणी आहे म्हटलं.

त्याच संध्याकाळी, कंपनीची बस सुटायच्या आधी, चाचांनी मला बाजूला घेतलं. इकडं तिकडं बघत, जणू काही चोरीचा माल विकतायत.

"मोना, त्यो पंप मी मोजला. बरोब्बर फुटाला सूत जास्त हाय. म्हंजी लोखंड जेवढं आकसतं, त्यो आकस वरच्या पोरीनं आधीच धरलाय ड्रॉइंगमधी."

"मग?"

"मग काय. तिला तसंच शिकवलं असंल. माझी पट्टी ताणलेली असती हे तिला कुणी सांगितलं? आता ह्या बारीला मी साधी पट्टी घेतो. ड्रॉइंगात असंल ते, तसंच्या तसं. तिला काय बोलू नगंस हां. साहेबाच्या कानावर गेलं तर पोरीची चूक व्हायची. शपथ हाय तुला."

मी दुसरी शपथ घेतली. आणि खरं सांगते, बसमध्ये बसल्यावर माझे डोळे भरून आले. सात महिने एकमेकांना पाण्यात पाहणारी ही दोन माणसं आज एकमेकांची अब्रू झाकत होती, आणि ते फक्त मला माहीत होतं. मी बी.कॉम. झालेली. सूत वाढलं काय, कमी झालं काय, माझ्या डोक्यात शिरत नाही. दोघंही चूक दुरुस्त करतायत एवढं कळलं, आणि एक चूक दोघांनी दुरुस्त केली तर ती दुप्पट चांगली दुरुस्त होईल, असं मला वाटलं. हसू नका. तुम्हालाही वाटलं असतं.

चाचांनी रात्रीचा दिवस केला नाही, पण सुट्टीचा रविवार घातला. दुसरा पंप पुढच्या शुक्रवारी चौकटीत गेला. आकारामची आरोळी आली नाही. तो स्वतःच चालत आला, आणि त्याचं ते गप्प येणं बघून माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"आता लहान झालाय," म्हणाला. "चौकटीत नुसता खुळखुळतोय. कापायला लोखंडच न्हाय."

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. चाचा पहिल्यांदा वर आले. बूट काढून, पँटीला हात पुसत, गालिच्याच्या कडेकडेनं चालत ते भिंतीपाशी उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. संयोगिता दुसऱ्या भिंतीपाशी. मधे आकाराम आणि मी.

साहेब शांत होते. ते शांत असले की वाईट. "गिऱ्हाईक आता आठ दिवसांच्या वर थांबणार न्हाय. चूक कुणाची, एवढंच सांगा."

"माझी, साहेब," चाचा म्हणाले.

"नाही सर, माझी," संयोगिता म्हणाली.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "परवापर्यंत दोघं एकमेकांची म्हणत हुता. आता काय झालं?"

दोघंही खाली बघू लागले. मला दिसत होतं, प्रत्येकाला वाटत होतं की आपण गुपचूप जो बदल केला त्यानंच हे झालं. आणि बोललो तर समोरच्याची चूक उघडी पडेल. साहेबांनी उसासा टाकला आणि टेबलावरची दोन पानं पुढं ओढली. संयोगितानं मार्चमध्ये लिहिलेली तीच. "ठीक आहे. मग पॅटर्न बाहेरून. चाचा, तुमच्या सेवेबद्दल..."

"आकाराम," मी मधेच म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पहिला किती मोठा होता?"

"अडीच सूत. फुटाला एक."

"आणि हा किती लहान?"

"अडीच सूत. फुटाला एक."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि असा पडला की मला दरदरून घाम फुटला. त्या एसीत.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हणाले. "पहिल्या वेळी दोघांनी वाढवलं. दुसऱ्या वेळी दोघांनी काढलं. हिनं ड्रॉइंगमधून काढलं, चाचांनी पट्टी बदलली. दोघांनी मला सांगितलं. दोघांनी शपथ घातली. सगळ्या कारखान्यात दोन्ही गोष्टी माहीत असलेली मी एकटीच होते, आणि मी बसमध्ये बसून कौतुकानं रडत होते."

दोन माणसांच्या शपथा एका दमात मोडून मी उभी होते. आता हे दोघं माझं तोंड बघायचे नाहीत, असं वाटलं.

संयोगिता चाचांकडे बघत होती. "तुम्ही साधी पट्टी घेतली?"

"तू आकस काढून टाकलास?" चाचा म्हणाले. मॅडम म्हणायचं विसरले.

"मला वाटायचं, खाली आकस कुणी धरतच नाही."

"मला वाटायचं, लोखंड आकसतं हेच वर कुणाला म्हाईत न्हाय."

आणि चाचा हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, खांदे हलवत, इतके की बाहीवरचा भुसा गालिच्यावर पडला. त्यांनी वाकून तो गोळा करायचा प्रयत्न केला, तर संयोगिता म्हणाली, "राहू द्या हो चाचा," आणि तीही हसली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आकारामला काहीच कळलं नव्हतं, तरी तो सगळ्यात मोठ्यानं हसला. साहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "मोनाताई, इथून पुढं कुणी शपथ घातली तर पहिल्यांदा मला सांगायचं." मग घड्याळ बघून म्हणाले, "आठ दिवस. एकाच बाकावर बसून करा."

तसंच केलं त्यांनी. संयोगिताचा संगणक चाचांच्या बाकावर आला, वर प्लास्टिकचा कागद टाकून. बुटांचं मी पाहिलं. स्टोअरवाल्याला असा काही फैलावर घेतला की दुसऱ्या दिवशी पाच नंबरचा जोड हजर. पोरगी ड्रॉइंग काढायची आणि चाचा लाकूड हातात धरून सांगायचे, हा कोपरा असा टोकदार ठेवलास तर वाळू धरणार न्हाय, ढासळंल. मग ती तो गोल करायची. एकदा तिनं पडद्यावर रंगीत चित्र दाखवलं, लोखंड कुठं आधी गार होतं आणि कुठं शेवटी. चाचा बराच वेळ बघत राहिले. मग एका लाल ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितं पोकळी पडती. माझी तीस वर्षं गेली हे कळायला. हे येडं यंत्र चार मिनटात सांगतंय व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोडं दुःख होतं, आणि पुष्कळ नवल.

ड्रॉइंगच्या कोपऱ्यात संयोगितानं एक नवी ओळ घातली: मापं साधी, आकस पॅटर्न शॉप धरेल. चाचांनी ती मला मोठ्यानं वाचायला लावली. दोनदा.

तिसरा पंप चौकटीत बसला तेव्हा आकारामनं आरोळी ठोकली ती कागलच्या बाजारात ऐकू गेली असेल. साहेब खाली आले, पंपावरून हात फिरवला आणि पॅटर्न शॉपच्या दारात उभं राहून सांगितलं, शॉप राहील, चाचा राहतील, आणि संयोगितानं आठवड्यातले तीन दिवस इथं बसायचं. सांगितलं आणि गेले. घाईतला माणूस.

मी डबा घेऊन तिथंच गेले. चाचांनी हात धुतले आणि इमामबी भाभीनं दिलेला डबा पुढं ओढला. संयोगितानं मात्र डबा उघडला नाही. बाकाच्या कडेला बसून ती बुटाच्या टोकाकडे बघत होती. मला कळलं आता काय येणार, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, नको गं बाई, आजचा दिवस तरी जाऊ दे. पण ती तशी पोरगी नाही.

"चाचा, मला एक सांगायचंय. हे शॉप बंद करा म्हणून साहेबांना जे लिहून दिलं होतं, ते मीच दिलं होतं."

चाचांनी डब्याच्या कड्या काढता काढता मान हलवली. "म्हाईत हाय."

मी आणि ती, दोघीही त्यांच्याकडे बघत राहिलो.

"साहेबांनी त्याच दिवशी मला कागद वाचायला दिलता. म्हणालं, चाचा, तुमच्या पाठीमागं काय करणार न्हाय मी. खाली तुझी सही हुती." त्यांनी डब्याचं झाकण उचललं. "सही झ्याक हाय तुझी."

"म्हणजे पहिला पंप चुकला तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"व्हय की."

"माझ्यामुळे तुम्हाला घरी बसवणार होते, हे माहीत होतं? आणि तरी तुम्ही माझी चूक झाकायला साधी पट्टी घेतली? पंप बरोबर आला असता तर सगळे म्हणाले असते, पहिल्या वेळी चाचांचाच हात चुकला."

"म्हणू देत की," चाचा म्हणाले. "माझ्या नावावर एक चूक पडली तर लोकं म्हंतील, पस्तीस वर्षांत एकदा चुकला म्हातारा. तुझ्या नावावर पडली असती तर? सात म्हैनं झाल्यात तुला लागून. पुन्यांदा एवढं मोठं ड्रॉइंग कुणी दिलं असतं तुला?"

अकरा वर्षं मी वरचे निरोप खाली आणि खालचे वर नेले, पण एवढ्या मोठ्या मनाचा निरोप माझ्या हातून कधी गेला नव्हता. आणि मी समजत होते, कारखान्यात सगळं मला ठाऊक असतं.

संयोगितानं पुढं होऊन चाचांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि धरूनच बसली. चाचा अवघडले. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अगं सोड की पोरी," ते म्हणाले, "जेवायचं हाय मला."

तिनं काही हात सोडला नाही.